भागीदाराची म्हातारपणाची पुंजी आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

सुरतेच्या दक्षिणेस, पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गावर उधना जंक्शन लागते. तापी खोऱ्यातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग येथूनच वेगळा होतो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्थानके घेत तो खानदेश ओलांडतो. याच वाटेने गेल्या काही पिढ्यांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जाऊन स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग चालतात ते या वस्तीमुळेच. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा तेथील रोजचा व्यवहार आहे.

या कुटुंबांतील पहिली पिढी यंत्रमागापुढे पाळीवर उभी राहिली. पुढे त्यांपैकी काहींनी गावाकडील शेतीचा पैसा आणि नातलगांची उसनवार यांच्या आधारे चार-आठ माग घेतले. एकट्याला न झेपणारा हा व्यवसाय भाऊ, साडू किंवा मेहुणा यांना बरोबर घेऊन सुरू झाला आणि कारागिराचा भागीदार झाला. या बदलाबरोबर त्याचे उत्पन्न बदलले, तसेच कायद्याच्या दृष्टीने त्याचे स्थानही बदलले. पगारदार माणसाच्या म्हातारपणाची सोय काही अंशी कायदाच लावून देतो. भागीदाराची सोय त्याने स्वतःच लावावयाची असते. पेढीतून मिळणारा पैसा म्हातारपणासाठी कोठे ठेवावा, आणि तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कसा दाखवावा, हे दोन प्रश्न येथे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान होते, आणि ते बहुधा वीस वर्षांनी कळते.

भागीदार हा नोकर नव्हे

भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. एक किंवा अनेक भागीदारांनी सर्वांच्या वतीने चालविलेल्या धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार करणाऱ्या व्यक्तींमधील संबंध म्हणजे भागीदारी, असे त्याचे स्वरूप त्या कायद्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे. पेढी ही भागीदारांहून वेगळी अशी कायदेशीर व्यक्ती नव्हे. मग भागीदार रोज कारखान्यात राबतो आणि महिन्याला ठरावीक रक्कम उचलतो, तिला पगार म्हणावे काय? सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकात चहाच्या व्यवसायातील एका पेढीच्या खटल्यात याचे उत्तर दिले. भागीदाराला दिलेला पगार हे नफ्याच्याच वाटणीचे एक रूप होय, कारण कोणीही स्वतःच स्वतःचा नोकर होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. 1984 साली एका काडेपेटी उद्योगाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने राज्य कामगार विमा कायद्याखालीही भागीदार हा कामगार ठरत नाही असा निर्णय दिला. तो भागीदार पेढीत काम करून मोबदला घेत असला तरीही.

याचा परिणाम दूरवर पोहोचतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा 1952 सालचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तो कामगारांसाठी आहे. पेढीत पंचवीस कामगार असतील तर त्या पंचविसांचा निधी कापला जाईल, पेढी त्यात आपली वर्गणी घालील. परंतु मालक म्हणून त्या वर्गणीच्या धनादेशावर सही करणाऱ्या भागीदाराचे नाव त्या यादीत असणार नाही. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचेही तसेच. कालपर्यंत मागावर असताना ज्याच्या नावे निधी जमा होत होता, त्याच्या नावे भागीदारीच्या पहिल्या दिवसापासून काहीच जमा होत नाही.

त्याचे जुने खाते मात्र राहते. ते खाते विसरून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्या शिल्लकेवर व्याज चढत राहते, पण नोकरी सुटल्यानंतरच्या काळात चढलेले व्याज करमुक्त राहत नाही, असा निर्णय प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठाने 2017 साली दिला आहे. कारागिराचा भागीदार झालेल्या माणसाने हे जुने खाते कागदावर आणून त्याचा निकाल लावणे, म्हणजे रक्कम काढून घेणे किंवा ठेवल्यास व्याज दरवर्षी दाखविणे, आवश्यक आहे.

पेढीचा कर आणि भागीदाराचा कर

जुन्या पिढीतील लोकांच्या स्मरणात एक वेगळीच पद्धत असते. 1992 पूर्वी प्राप्तिकर कायद्याखाली पेढी नोंदविलेली असेल तर ती स्वतः कमी दराने कर भरीत असे, आणि तिचा नफा भागीदारांत वाटला गेल्याचे धरून प्रत्येकाच्या हिश्शावर पुन्हा त्याच्या त्याच्या दराने कर लागत असे. 1992 च्या वित्त अधिनियमाने ही पद्धत मोडली. 1993-94 या करनिर्धारण वर्षापासून पेढी आपल्या उत्पन्नावर स्वतंत्रपणे पूर्ण कर भरते, आणि कर भरून उरलेल्या नफ्यातील भागीदाराचा हिस्सा त्याच्या हातात करमुक्त असतो. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 10 चे पोटकलम 2-अ हेच सांगते.

पण पेढीतून भागीदाराकडे पैसा तीन वाटांनी येतो, आणि ही करमुक्ती त्यांपैकी एकाच वाटेला आहे. नफ्यातील हिस्सा करमुक्त आहे. भांडवलावरील व्याज आणि कार्यकारी भागीदाराचा मोबदला या दोन्ही रकमा पेढीच्या हिशेबात खर्च म्हणून वजा होतात, म्हणून त्या भागीदाराच्या हातात करपात्र असतात. त्याही पगार किंवा इतर उत्पन्न या सदरात न येता धंद्याचे उत्पन्न या सदरात येतात. जेथे पेढीने वजावट घेतली तेथे भागीदाराने कर भरावयाचा आणि जेथे पेढीने कर भरला तेथे भागीदार मोकळा, एवढे सूत्र ध्यानी धरले तर बाकीचे नियम समजावयास सोपे जातात.

पेढीला ही वजावट मिळण्यास अटी आहेत. भागीदारीचे करारपत्र लेखी हवे आणि त्यात प्रत्येकाचा हिस्सा नमूद हवा. व्याज व मोबदला देण्याची तरतूद करारपत्रात असली पाहिजे. मोबदल्याची रक्कम किंवा ती ठरविण्याची रीत त्यात स्पष्ट असली पाहिजे. व्याज दरसाल 12 टक्के सरळव्याजापेक्षा अधिक मान्य होत नाही. मोबदला केवळ कार्यकारी भागीदारालाच देता येतो, आणि त्याची कमाल मर्यादा पेढीच्या पुस्तकी नफ्यावर ठरते. 2025-26 या करनिर्धारण वर्षापासून पहिल्या 6,00,000 रुपये नफ्यावर 3,00,000 रुपये किंवा नफ्याच्या 90 टक्के यांपैकी जे अधिक ते, आणि त्यापुढील नफ्यावर 60 टक्के, अशी ही मर्यादा आहे. उधन्यातील करारपत्रे बहुधा गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहिलेली असतात, आणि गावाकडील भागीदार ती न वाचताच सही करतो. साडूवरचा विश्वास योग्यच आहे. तरी करारपत्र एकदा मराठीत समजावून घेण्यात त्या विश्वासाला कोठेही बाधा येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. उधन्यात तिघांची एक यंत्रमाग पेढी आहे असे समजू. दोघे तेथे राहून कारखाना पाहतात. तिसरा नंदुरबार तालुक्यात शेती करतो व त्याने केवळ भांडवल घातले आहे. प्रत्येकाचे भांडवल 10,00,000 रुपये आणि हिस्सा समान. 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या वर्षात व्याज व मोबदला वजा करण्यापूर्वीचा नफा 15,60,000 रुपये झाला. प्रत्येकास 12 टक्के दराने 1,20,000 रुपये, म्हणजे एकूण 3,60,000 रुपये व्याज दिले. उरलेल्या 12,00,000 रुपयांवर मोबदल्याची मर्यादा काढावयाची. पहिल्या सहा लाखांचे 90 टक्के म्हणजे 5,40,000 रुपये आणि पुढील सहा लाखांचे 60 टक्के म्हणजे 3,60,000 रुपये. एकूण 9,00,000 रुपये. दोघा कार्यकारी भागीदारांनी ही रक्कम निम्मी निम्मी, प्रत्येकी 4,50,000 रुपये घेतली. पेढीचे करपात्र उत्पन्न राहिले 3,00,000 रुपये. त्यावर 30 टक्के दराने 90,000 रुपये कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर 3,600 रुपये, मिळून 93,600 रुपये पेढीने भरले. उरलेले 2,06,400 रुपये तिघांत वाटले असता प्रत्येकाच्या खात्यावर 68,800 रुपये जमा झाले.

कार्यकारी भागीदाराचे करपात्र उत्पन्न मोबदला व व्याज मिळून 5,70,000 रुपये झाले. शेतकरी भागीदाराचे पेढीतून आलेले करपात्र उत्पन्न फक्त 1,20,000 रुपये आहे. तिघांचेही 68,800 रुपये करमुक्त आहेत. पण करमुक्त म्हणजे लपविण्याजोगे नव्हे. विवरणपत्रात ही रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवावीच लागते. पेढीला तोटा झाला तर मात्र भागीदाराला तो आपल्या विवरणपत्रात घेता येत नाही. तो पेढीचाच तोटा राहतो आणि पेढीच्याच पुढील नफ्यातून वळता होतो.

उगमस्थानी कपात आणि गावचा भागीदार

1 एप्रिल 2025 पासून एक नवी तरतूद अमलात आली. कलम 194-टी अन्वये पेढीने भागीदारास दिलेला मोबदला, बोनस, कमिशन व व्याज यांची वर्षाची बेरीज 20,000 रुपयांहून अधिक झाली तर पेढीने त्यातून 10 टक्के प्राप्तिकर कापून सरकारात भरावयाचा. पेढी लहान असो वा मोठी, उलाढालीची कोणतीही अट येथे नाही. रक्कम प्रत्यक्ष हातात दिली नाही आणि केवळ भागीदाराच्या भांडवल खात्यावर जमा केली, तरीही कपात करावी लागते. नफ्यातील हिश्शावर मात्र कपात नाही. यासाठी पेढीकडे करकपातीचा स्वतंत्र क्रमांक असावा लागतो. आजवर ज्या लहान पेढ्यांना त्याची गरज पडली नव्हती त्यांनाही तो काढणे भाग पडले.

वरील उदाहरणात कार्यकारी भागीदाराच्या 5,70,000 रुपयांतून 57,000 रुपये आणि शेतकरी भागीदाराच्या व्याजातून 12,000 रुपये कापले जातील. दोघांपैकी कोणाचाही अखेरचा कर तितका होत नाही. नव्या करप्रणालीत 2025-26 या वर्षासाठी 4,00,000 रुपयांपर्यंत कर नाही, आणि 12,00,000 रुपयांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सूट मिळून देय कर शून्य होतो. म्हणजे दोघांनाही संपूर्ण रक्कम परत मिळावयास हवी. पण विवरणपत्र भरल्याखेरीज ती परत मिळत नाही. बँकेच्या ठेवीवरील व्याजासाठी पंधरा-जी क्रमांकाचे घोषणापत्र देऊन कपात टाळता येते. तशी सोय या कलमात नाही.

नंदुरबारच्या शेतकऱ्याची अडचण येथेच आहे. आपले उत्पन्न शेतीचे, म्हणून आपला प्राप्तिकराशी संबंध नाही, अशी त्याची समजूत असते, आणि शेतीच्या उत्पन्नापुरती ती बरोबरही आहे. पण पेढीचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे. त्याने विवरणपत्र भरले नाही तर 12,000 रुपये दरवर्षी सरकारात पडून राहतील. शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले तर कराचा दर ठरविण्यासाठी ते विचारात घेतले जाते. येथे इतर उत्पन्न 1,20,000 रुपयेच असल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. कार्यकारी भागीदाराला तर विवरणपत्र भरणे बंधनकारकच आहे, कारण त्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे. शिवाय वर्षात 25,000 रुपये किंवा अधिक कर कापला गेला तर, साठी उलटलेल्यांच्या बाबतीत 50,000 रुपये, उत्पन्न कितीही असले तरी विवरणपत्र द्यावेच लागते.

विवरणपत्राचा नमुना निवडताना पुष्कळांची चूक होते. पेढीने आयटीआर-5 भरावयाचा आणि भागीदाराने आयटीआर-3. पगारदारांचा आयटीआर-1, अथवा सोपा वाटणारा आयटीआर-4, भागीदाराला चालत नाही. जो भागीदार पेढीतून केवळ व्याज घेतो त्यालाही नाही. आयटीआर-3 मध्ये भागीदारी पेढ्यांविषयी माहितीचा एक स्वतंत्र तक्ता आहे. त्यात पेढीचे नाव, तिचा कायम खाते क्रमांक, हिश्शाची टक्केवारी, वर्षाचा नफ्यातील हिस्सा आणि 31 मार्च रोजी भांडवल खात्यावर असलेली शिल्लक लिहावी लागते. ही शेवटची रक्कम पेढीच्या ताळेबंदातील रकमेशी जुळली पाहिजे. म्हणून पेढीचे हिशेब बंद होताच ताळेबंदाची व आपल्या भांडवल खात्याच्या उताऱ्याची प्रत प्रत्येक भागीदाराने मागून घ्यावी. गावी राहणाऱ्या भागीदाराला तर ती टपालाने यावयास हवी. पेढीने दिलेले करकपातीचे प्रमाणपत्र आणि प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकातील नोंद यांचा मेळ घालून मगच विवरणपत्र दाखल करावे.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा 2025 सालचा नवा कायदा अमलात आला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि मागील वर्ष व करनिर्धारण वर्ष यांच्या जागी कर वर्ष असा एकच शब्द आला. येथे दिलेले क्रमांक 1961 च्या कायद्याचे आहेत, आणि वरील उदाहरणातील वर्षाला तोच कायदा लागू आहे.

निधीत टाकले म्हणून उत्पन्न नाहीसे होत नाही

भागीदाराने म्हातारपणासाठी रक्कम बाजूला ठेवावी तर कोठे? सर्वांत जुने व सर्वांस खुले साधन म्हणजे 1968 साली सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. नोकरी असण्याची अट नसल्याने तो भागीदाराला, शेतकऱ्याला, दुकानदाराला सारखाच खुला आहे. वर्षाला किमान 500 आणि कमाल 1,50,000 रुपये भरता येतात. मुदत पंधरा वर्षांची, पुढे पाच पाच वर्षांनी वाढविता येते. टपाल कचेरीत हे खाते उघडता येते आणि उधन्याचे खाते नंदुरबारला बदलूनही घेता येते. दरमहा पाच तारखेपर्यंत भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. व्याज करमुक्त असते, आणि तेही विवरणपत्राच्या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवावयाचे असते. हे खाते व्यक्तीचे आहे. पेढीच्या नावे ते उघडता येत नाही, आणि 13 मे 2005 पासून अविभक्त हिंदू कुटुंबाच्या नावेही उघडता येत नाही. 2009 पासून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही सर्व नागरिकांस खुली झाली.

येथे एक चुकीची समजूत सर्रास आढळते. पेढीनेच धनादेश काढून भागीदाराच्या निधीच्या खात्यावर थेट रक्कम भरली, भागीदाराने पैशाला हातही लावला नाही, तेव्हा ते त्याचे उत्पन्नच नव्हे, असे सांगितले जाते. कायदा असे मानीत नाही. उत्पन्न आधी भागीदाराचे झाले आणि नंतर ते निधीत गेले. हा उत्पन्नाचा विनियोग होय. उत्पन्न हाती येण्यापूर्वीच कायद्याने दुसऱ्याचे झाले असेल तरच ते वगळले जाते. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट केला आहे. तेव्हा पेढीने भागीदाराच्या निधीत भरलेले 1,50,000 रुपये हे पेढीच्या पुस्तकात त्या भागीदाराची उचल म्हणून लिहावयाचे. पेढीचा तो खर्च नाही, आणि भागीदाराचे उत्पन्न त्याने कमी होत नाही.

निधीत भरलेल्या रकमेची कलम 80-सी खालील वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली मूळची धरली जाते. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असल्यास मुदतीत वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तिच्यातून नव्या प्रणालीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. उदाहरणातील कार्यकारी भागीदाराला नव्या प्रणालीत एक पैसाही कर देय नाही. त्याला वजावटीचा काही उपयोग नाही. यावरून निधीत पैसे भरण्याचे प्रयोजनच संपले, असा निष्कर्ष मार्चअखेरीस काढला जातो. तो घातक आहे. भागीदारासाठी या निधीचे खरे मोल कर वाचविण्यात कधीच नव्हते.

ते मोल असे की, खातेदाराच्या कोणत्याही कर्जापोटी किंवा देण्यापोटी न्यायालयाच्या हुकुमाने या खात्यातील शिल्लक जप्त करता येत नाही. 1968 च्या कायद्यात हे संरक्षण होते आणि 2019 च्या योजनेतही ते राखले आहे. पगारदाराला याची फारशी गरज पडत नाही. भागीदाराला पडते, कारण भागीदारी कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे पेढीच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह व एकटाही जबाबदार असतो. सूत व्यापाऱ्याची बाकी थकली आणि पेढीत पैसा नसला तर तो कोणाही एका भागीदाराचे घर, शेत किंवा बँकेतील ठेव यांच्यामागे लागू शकतो. ज्याने पेढीत केवळ दहा लाख घातले त्याची जबाबदारी दहा लाखांवर थांबत नाही.

अमेरिकेतील वेगळी रीत

पेढीतील हिस्साच निवृत्तीच्या खात्यात ठेवता येईल काय, असा प्रश्न विशेषतः ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा घरांतून निघतो. भारतात याचे उत्तर सरळ आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी ही सरकारकडील ठेव असून तीत केवळ पैसेच भरता येतात. निवृत्तिवेतन योजनेचा पैसा निधी व्यवस्थापक सरकारी रोखे, कर्जरोखे व समभाग यांत गुंतवितात, सभासदाच्या पेढीत नव्हे. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने सुरू झालेल्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात मात्र तेल-वायूच्या नळवाहिन्यांसारख्या धंद्यातील, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या भागीदारीचे हिस्से ठेवता येतात. अशी भागीदारी दरवर्षी के-1 नावाचे पत्रक पाठविते. हिस्सा निवृत्ती खात्याचा असल्याने त्या पत्रकातील आकडे खातेदाराने आपल्या विवरणपत्रात घ्यावयाचे नसतात. पण खात्याचे धंद्यापासूनचे असे ढोबळ उत्पन्न वर्षाला 1,000 डॉलर किंवा अधिक झाले तर खात्यासाठी 990-टी हे वेगळे विवरणपत्र भरावे लागते, आणि त्याचा कर खात्यातूनच द्यावा लागतो. पुढे पैसे काढताना खातेदाराला सामान्यतः पुन्हा कर द्यावा लागतो तो निराळाच.

करमुक्त खात्यावर हा कर का, याची कथा मनोरंजक आहे. 1947 साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयासाठी मॅकरोनी बनविणारी एक कंपनी विकत घेण्यात आली. शिक्षणसंस्थेच्या नावाखाली ती करमुक्त राहिली तर कर भरणाऱ्या इतर कारखानदारांनी टिकाव कसा धरावा, असा प्रश्न उठला आणि 1950 साली अमेरिकेने कायदा केला. धंदा कोणाच्या नावावर आहे यापेक्षा तो धंदा आहे, हे महत्त्वाचे ठरले. आपल्याकडे 1992 साली पेढीवरच पूर्ण कर बसवून हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सुटला: कर उगमाशीच घेतला जातो. अमेरिका, ब्रिटन किंवा कॅनडा येथून परतून भारतात राहू लागलेल्यांसाठी 2021 साली कलम 89-अ आले. तेथील निवृत्ती खात्यातील उत्पन्नावर पैसे काढल्यावरच कर द्यावा, असा पर्याय त्यांना त्यामुळे मिळाला. त्यासाठी 10-ईई हा नमुना वेळेत भरावा लागतो.

भांडवल खाते आणि निवृत्ती

उधन्याच्या अनेक भागीदारांचे निवृत्तिवेतन म्हणजे प्रत्यक्षात त्यांचे पेढीतील भांडवल खाते असते. दरवर्षी हिस्सा, व्याज, मोबदला त्या खात्यावर जमा होतो, थोडी उचल होते आणि उरलेले नव्या मागात किंवा सुताच्या साठ्यात जाते. वीस वर्षांनी पुस्तकात तीस-चाळीस लाखांची रक्कम दिसते. तो आकडा खरा असतो, पण तो पैसा नसतो. तो माग, सूत, तागे आणि व्यापाऱ्यांकडील येणे यांच्या रूपात असतो. पेढी मोडली तर पेढीच्या मालमत्तेतून आधी बाहेरची देणी फिटतात, मग भागीदारांनी दिलेली कर्जे, आणि त्यानंतर भांडवलाची पाळी येते. म्हणून दरवर्षी हिशेब झाल्यावर काही रक्कम पेढीबाहेर काढून निधीत टाकणे भागीदाराच्या हिताचे आहे, आणि त्यास बाकीच्या भागीदारांनी हरकत घेऊ नये म्हणून तशी तरतूद करारपत्रातच असलेली बरी.

साठीला पोचलेला भागीदार पेढीतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या भांडवल खात्याची शिल्लक त्याला परत मिळते. ती त्याचे उत्पन्न नव्हे. भागीदाराला निवृत्तीच्या वेळी मिळालेला त्याचा हिस्सा हे मालमत्तेचे हस्तांतरण नव्हे, असे गुजरात उच्च न्यायालयाने 1973 साली म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली ते उचलून धरले. 2021 च्या वित्त अधिनियमानंतर, मालमत्तेची किंमत पुस्तकात नव्याने वाढवून शिलकेपेक्षा अधिक दिलेल्या रकमेवर भांडवली लाभाचा कर येऊ शकतो; तो पेढीने भरावयाचा असतो. बाहेर पडण्याचा हिशेब करताना त्या कराचा भार कोणावर, हे लेखी ठरवून घ्यावे. निवृत्तीचे वर्ष संपल्यावर भरावयाच्या विवरणपत्रातही पेढीचा तक्ता राहतोच, कारण वर्षाचा काही भाग तो भागीदार होता.

मृत्यू झाला तर काय, हे करारपत्रावर अवलंबून आहे. वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. पेढी चालू राहिली आणि वारसांचा हिशेब चुकता केला नाही, तर वारसांना त्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा हिस्सा किंवा दरसाल 6 टक्के व्याज, यांपैकी एक मागता येते. पेढीच्या भांडवलावर निधीच्या खात्याप्रमाणे नामनिर्देशन होत नाही. गावी असलेल्या विधवेला निधीची रक्कम टपाल कचेरीतून मृत्यूचा दाखला व नामनिर्देशन यांवर मिळते. पेढीतील रकमेसाठी तिला दिराच्या किंवा भाच्याच्या हिशेबाची वाट पाहावी लागते.

निवृत्त होणाऱ्याने एक काम टाळू नये. पेढी सोडल्याची जाहीर नोटीस दिल्याखेरीज पेढीच्या पुढील व्यवहारांतून भागीदाराची जबाबदारी सुटत नाही. हिशेब पुरा झाला, पैसे निधीत किंवा बँकेत गेले, माणूस गावी परतला, आणि तीन वर्षांनी त्याच्या माघारी घेतलेल्या सुताच्या उधारीची नोटीस त्याच्या दारी आली, असे घडू शकते. पेढी नोंदणीकृत असेल तर भागीदारी नोंदणी अधिकाऱ्याकडे सूचना द्यावी, शासकीय राजपत्रात ती प्रसिद्ध करावी, आणि पेढीचे कार्यालय ज्या जिल्ह्यात आहे तेथे खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात छापावी. उधन्याच्या पेढीसाठी हे राजपत्र गुजरात शासनाचे आणि वर्तमानपत्र सुरत जिल्ह्यात खपणारे असावयास हवे. केवळ धुळ्यात किंवा नंदुरबारात खपणाऱ्या वर्तमानपत्रातील नोटीस त्या कामी येत नाही. त्या अंकाची प्रत, नोंदणी कार्यालयाची पोच आणि अखेरच्या भांडवल खात्याचा सहीशिक्क्याचा उतारा हे तीन कागद निधीच्या पासबुकासोबत घरी ठेवावेत.